विचित्र आकाराचे जुने दगडी बुधले: खान्देशच्या बाजारात काय घ्यावं, काय तिथंच ठेवावं

भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे. या चार गावांत भंगाराच्या, जुन्या सामानाच्या दुकानांत चिनीमातीचं जे काही येतं, त्याचा उगम साधारण ठरलेला असतो. पाडलेल्या वाड्यांच्या माळ्यावरून बरण्या निघतात. रेल्वेच्या जुन्या बंगल्यांमधून आणि कचेऱ्यांच्या अडगळीतून बाटल्या, फिल्टर निघतात. बंद पडलेल्या सोनारकामाच्या आणि रंगाऱ्यांच्या खोल्यांतून तेजाबाचे, म्हणजे तीव्र आम्लाचे, बुधले निघतात. विकणाऱ्याच्या लेखी सगळी 'बरणी'. आकार जरा वाकडा दिसला की "हाई इंग्रजना टाईमनी शे, भाऊ" म्हणत किंमत तिप्पट. यातल्या निम्म्या वेळा तो खरं बोलत असतो, पंचाईत तिथंच आहे.

या मालाचा निकाल लावायला एक कसोटी पुरते. दगडी, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या, भांड्याला उगाच आकार नसतो. हजार-दोन हजार नग एका भट्टीत लावणारा कुंभार मान वाकडी करतो, बूड सपाट करतो किंवा पोटाला भोक पाडतो, ते कुणाच्या तरी गरजेपोटी. आकाराचं कारण सांगता आलं तर वस्तू बघण्यासारखी. कारण सापडत नसेल तर ती बहुधा दिवाणखान्यासाठी हल्ली बनवलेली असते, नाहीतर तिचा एखादा भाग तुटून घासून गुळगुळीत केलेला असतो.

आधी जात ओळखा. दुकानात 'चिनीमाती' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली साधी भाजकी माती, वरून झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, दिलेली. ती १००० ते ११५० अंशांच्या आसपास भाजतात आणि टवका उडाला की आतली माती पाणी पिते. दुसरी दगडी, म्हणजे स्टोनवेअर. ती १२०० ते १३०० अंशांना भाजलेली, आतून घट्ट, जड आणि अपारदर्शक. तिसरी पोर्सलिन, पातळ आणि पांढरीशुभ्र, मोबाइलचा टॉर्च मागे धरला की उजेड आरपार दिसतो. आपल्याला दुसरी हवी. बुडाच्या झिलई नसलेल्या कडेला जिभेचं टोक लावायची जुनी पद्धत आहे, चिकटलं तर भाजकी माती. पण भंगारातल्या वस्तूला जीभ लावू नये. त्याऐवजी पाण्याचा थेंब टाका. दगडी बुडावर तो बराच वेळ तसाच राहतो, भाजक्या मातीत बघता बघता मुरतो. मोठा सौदा असेल तर वजनाचा हिशोब करा. वस्तू कोरडी तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. ४ किलो २०० ग्रॅमची बरणी ४ किलो २६० भरली तर पाणी दीड टक्क्याच्या आत मुरलं, म्हणजे माल चांगला भाजलेला. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं तर दगडी म्हणून पैसे मोजू नका.

आता एकेक आकार.

दोनरंगी बरणी सगळ्यांना माहीत आहे, वर मधासारखा किंवा तपकिरी रंग, खाली मलई. ही तऱ्हा इंग्लंडातल्या ब्रिस्टलची. तिथे १८३५च्या सुमारास विल्यम पॉवेल याने शिशाशिवायची, फेल्स्पार हे खनिज आणि जस्त यांची झिलई काढली. भांडं उलटं धरून वरचा भाग लोहमिश्रित झिलईत आणि खालचा भाग साध्या झिलईत बुडवायचा. ती पुढे हिंदुस्थानातल्या भट्ट्यांनी उचलली. आपल्याकडे सापडणाऱ्या बरण्यांवर मोरबी-थानगढकडच्या परशुराम पॉटरीचा शिक्का बऱ्याचदा दिसतो, अधूनमधून राणीगंजच्या बर्न कंपनीचाही. गुजरात शेजारी आणि सुरत-भुसावळची गाडी दारात, त्यामुळे पहिल्याचं नवल नाही. साध्या बरणीला नव्या बरणीच्या दीडपटीपलीकडे पैसे देण्यात अर्थ नाही.

वेगळ्या बरण्या दोन. एक कानवाली, खांद्यावर दोन छोटे कान असलेली. कानांतून तार किंवा दोरी ओवून झाकण आवळायचं असतं, त्यामुळे खऱ्या जुन्या बरणीच्या कानाच्या आतल्या बाजूला झिलई घासलेली किंवा गंजाचा डाग असतो. दुसरी फिरकीच्या झाकणाची, झाकणाला आणि तोंडाला मातीतच आटे पाडलेले. हिच्यात झाकण त्याच बरणीचं आहे का, एवढंच बघायचं. झाकण लावून चार वेळा, प्रत्येकी पाव फेरा फिरवा. कुठेही डुगडुगलं किंवा मध्येच अडलं तर झाकण दुसरीकडचं आहे. उसनं झाकण म्हणजे किंमत निम्मी. आणि गळ्याखालची खाच बघा. ती दादरा बांधण्यासाठी असते, फडकं तोंडावर टाकून सुतळी त्या खाचेत बसते. खाच नसलेली मोठ्या तोंडाची बरणी बहुधा लोणच्याची नव्हे. ती औषधाची, रसायनाची किंवा रंगाची असण्याची शक्यता धरून चाला आणि तिच्यात खायचं काही ठेवू नका.

शाईची मोठी बाटली हा खान्देशात सहज मिळणारा आणि तरीही कमी लेखला जाणारा आकार. उभा दंडगोल, आखूड मान, आणि तोंडाच्या एका बाजूला बोटाने दाबल्यासारखी चोच. चोचीचं कारण साधं आहे. कचेरीत एका मोठ्या बाटलीतून टेबलाटेबलावरच्या दौती भरायच्या असत, तेव्हा धार बारीक पडायला हवी आणि शेवटचा थेंब कागदावर न सांडता परत आत जायला हवा. बुडाजवळ दाबून उठवलेली अक्षरं शोधा. इंग्लंडातल्या डेन्बी गावच्या बोर्न या कुंभार घराण्याचा शिक्का आणि त्याखाली लंडनच्या पी. अँड जे. अर्नॉल्ड या शाईवाल्यांचं नाव ही जोडी सगळ्यात जास्त भेटते. डेन्बीची पॉटरी १८०९ पासूनची. ही अक्षरं ओल्या मातीत ठोकलेली असतात, म्हणून झिलई अक्षरांच्या खाचेत जाड साचते आणि तिथला रंग गडद दिसतो. झिलईच्या वर छापलेली, नखाला उंच लागणारी अक्षरं असतील तर बाटली जुनी असली तरी शिक्का नवा आहे. आत निळसर-काळा थर असेल तर तो काढू नका. तो त्या बाटलीचा पुरावा आहे, आणि चिकट डाग घासताना तोंडाची चोच उडते. पहिली खरेदी करणाऱ्याला आम्ही हीच सुचवू. स्वस्त, शिक्क्यावरून ओळखता येणारी, आणि खोटी करण्यात कुणाला फारसा फायदा नसलेली.

जिंजर बिअरच्या, म्हणजे आल्याच्या फेसाळ पेयाच्या, बाटल्यांचा मोह जास्त, कारण पोटावर काळ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि चित्र असतं. काळ ठरवायचा तर चित्र सोडा, तोंड बघा. बुचाचं तोंड जाड ओठाचं असतं आणि त्याखाली तार बांधायला पन्हळ. आतल्या बाजूला आटे असतील तर बाटली १८७२नंतरची, कारण आतल्या फिरकीच्या बुचाचं पेटंट त्या वर्षीचं. आताच्या सोड्यासारखं पत्र्याचं झाकण बसेल असा अरुंद ओठ असेल तर १८९२नंतरची. चित्र झिलईच्या खाली असायला हवं. नख फिरवा, काहीही लागता कामा नये. लागलं तर कोऱ्या जुन्या बाटलीवर नवं चित्र चढवलं आहे. अशी बाटली कोरी म्हणून कोऱ्याच्या भावाने घ्यायला हरकत नाही.

पाय शेकायची बाटली ही या सगळ्यांत सर्वांत चुकीच्या नावाने विकली जाणारी वस्तू. आकार पावासारखा, खालून सपाट, वरून गोलाई, एका टोकाला पकडायला गाठ आणि मधोमध वर फिरकीचं बूच. दुकानदार तिला दारूचा बुधला म्हणतो, कुणी रणगाड्यावरचं सामानही म्हणतो. ती आडवी ठेवायची म्हणून बूड सपाट, आणि गादीत पांघरुणाखाली सरकवायची म्हणून कुठेही कोपरा नाही. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सातवर येतो हे लक्षात घेतलं तर साहेबांच्या बंगल्यात ती का होती हे विचारावं लागत नाही. घेताना बूच बघा, तेही दगडीच असतं आणि खाली रबराचं वायसर असतं. वायसर कडक होऊन फुटलेलं असणारच, त्याचं काही नाही, प्लंबरच्या दुकानात मापाचं मिळतं. पण बुचाचे आटे मोडलेले असतील तर जोड मिळत नाही. वापरायचीच असेल तर उकळतं पाणी कधीही ओतू नका. आधी कोमट पाण्याने खळबळून घ्या, मग हात जेमतेम सोसेल एवढं गरम पाणी घाला, मानेखाली दोन बोटं जागा सोडा. शंभर वर्षांचं भांडं अचानक तापवलं तर आतली भिंत फुगते, बाहेरची थंड राहते आणि बुचाभोवती गोल चीर जाते.

पाण्याचा दगडी फिल्टर भुसावळकडे कधीतरी निघतो. उंच, नक्षीदार, खाली तोटी. डोल्टन या इंग्रज कंपनीने एकोणिसाव्या शतकात असे फिल्टर लंडनच्या लॅम्बेथ भागात बनवून साम्राज्यभर पाठवले. याचे चार भाग असतात: झाकण, वरची टाकी, गाळण्याचा ठोकळा आणि तोटीची खालची टाकी. चारही एकत्र मिळणं दुर्मीळ, म्हणून विकणारा दोन भाग एकावर एक ठेवून 'पूर्ण' म्हणतो. तोटीच्या भोकाभोवती बोट फिरवा. पितळी तोटीचं नट कुणीतरी पान्याने जास्त आवळलेलं असतं आणि भोकापासून सूर्यकिरणांसारख्या बारीक चिरा गेलेल्या असतात. चार चिरांपर्यंत शोभेची वस्तू म्हणून ठीक, पाणी भरायला नाही. शिक्क्यात 'रॉयल' शब्द असेल तर माल १९०१-०२ नंतरचा, आणि लॅम्बेथची भट्टी १९५६ ला बंद झाली. 'इंग्लंड' हा शब्द १८९१ पासून लागू झालेल्या अमेरिकन कायद्यामुळे आला. त्यामुळे तो असेल तर त्यानंतरचा म्हणता येतं. नसेल तर आधीचा म्हणता येत नाही, कारण हिंदुस्थानात यायच्या मालाला ती सक्ती नव्हती. या उलट्या तर्कावर बरेच जण फसतात.

तेजाबाचे बुधले वेगळे सांगायला हवेत, कारण जळगावसारख्या सोन्याच्या गावात ते मिळणारच. गोल पोट, आखूड मान, घासून बसवलेलं दगडी बूच आणि खांद्यावर एकच कान. दिसायला यादीतला सर्वांत देखणा. बूच अडकलेलं असेल तर दुकानात उघडायचा हट्ट धरू नका. घरी, उघड्यावर, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून उघडा. आत काही शिल्लक असेल तर त्यावर पाणी ओतू नका, तेजाब उसळतं; ते आधी बादलीतल्या भरपूर पाण्यात हळूहळू ओता. मग रिकाम्या बुधल्यात पाणी आणि लिटरमागे चमचाभर खायचा सोडा, हळूहळू. फेस आला तर आम्ल शिल्लक आहे. फेस थांबेपर्यंत पाणी बदलत राहा आणि शेवटी औषधांच्या दुकानातल्या पीएच पट्टीने सात येतंय का ते बघा. बूच लावून ठेवू नका, आत वायू साठतो. बुडाशी चकचकीत थेंब लोळताना दिसले तर तो पारा आहे. सोनारकामात पारा वापरात होता. असा बुधला धुऊ नका, घरात आणू नका, विकत घेऊ नका. स्वच्छ निघालेल्यातही पुढे लोणचं, तूप, पाणी काहीही ठेवायचं नाही.

मग येतात 'चेहऱ्याच्या' सुरया. गळ्यावर दाढीवाल्या माणसाचं तोंड असलेले हे बुधले मूळचे जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठचे, फ्रेखन आणि कोलोनकडचे, सोळाव्या-सतराव्या शतकातले, मिठाच्या झिलईचे. विकणाऱ्याची गोष्ट ऐकायला बरी असते: डचांची वखार सुरतेला होती, सुरत-बऱ्हाणपूरचा रस्ता नंदुरबार-थाळनेर-चोपड्यावरून जायचा, म्हणजे आला असेल. रस्ता खरा आहे, वखार खरी आहे, बुधला मात्र बहुतेक वेळा नवा असतो. टॉर्च मानेतून आत मारा. जुन्यात भांडं चाकावर काढून मग चेहरा वेगळ्या साच्यात दाबून वरून चिकटवलेला असतो, म्हणून आतली भिंत चेहऱ्यामागेही सरळ आणि बोटांच्या वळ्या सलग दिसतात. नव्यात पातळ माती साच्यात ओतलेली असते. बाहेर नाक असेल तिथे आत खड्डा. हा एक खड्डा बघितला की बाकीचा वाद मिटतो. झिलईही बघा: भट्टी १२०० अंशांच्या वर गेल्यावर आत मीठ फेकतात, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत, बारीक खळग्यांचा काचेचा थर बसतो. ब्रशने दिलेली चमक अशी दिसत नाही.

कोड्याचा जग, म्हणजे न सांडता कसं प्यायचं हे कोडं घालणारं भांडं, क्वचित दिसतो, मानेला जाळी आणि काठावर तीन-चार तोट्या. पोकळ मुठीतून बुडापर्यंत नळी गेलेली असते, मुठीखाली लपलेलं भोक बोटाने बंद करून एका तोटीतून ओढायचं. तोंड लावू नका. औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन पाणी ओढून बघा. नळी बुजलेली असेल तर तो शोपीस.

कुठलाही आकार असो, तीन जागा हातात घेऊन बघितल्याशिवाय भाव बोलू नये.

बूड. चाक फिरत असतानाच तारेने कापलेल्या भांड्याच्या बुडावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा राहतात. साच्यातल्या भांड्याचं बूड गुळगुळीत, आणि अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक जोडरेघ. जुन्या बुडाच्या कडेला झिलई पुसलेली असते, कारण भट्टीत ती खालच्या फळीला चिकटू नये. त्या कडेवर वर्षानुवर्षं फरशीवर सरकवल्याच्या झिजेचे ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर ते पॉलिशपेपरचे. चहाच्या पाण्याने जुनं केलेलं बूड एकसारखं तपकिरी दिसतं. खरं मळलेलं बूड कडेला गडद आणि मध्ये फिकं असतं, कारण मधला भाग जमिनीला टेकतच नाही.

मूठ. वरचा जोड नाही, खालचा जोड बघा. कुंभार ओली मूठ पोटाला दाबतो तेव्हा अंगठ्याचा ठसा राहतो, आणि वाळताना माती आकसली की तिथेच पहिली चीर जाते. विकणारे तिथे एपॉक्सी हा पक्का गोंद भरून रंग लावतात. ३६५ नॅनोमीटरचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च अंधारात मारा. झिलई मंद राहते, डिंक-एपॉक्सी दुधाळ किंवा पिवळट चमकतं. टॉर्च नसेल तर शिवणाची सुई. झिलईवर ती घसरते, रंगावर रुतते. वस्तू उचलताना मुठीला धरून उचलू नका, दुकानदार तसा उचलून मजबुती दाखवत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर या.

काठ. बोटाने पूर्ण फेरा मारा. डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो. काठ एका बाजूला कमी जाड लागला तर टवका घासून काढला आहे.

आवाजाची परीक्षा सगळे करतात, बरोबर थोडे करतात. भांडं रिकामं हवं, आत धूळ, डाळ, कागद नको. एका हाताची बोटं आतून तोंडाला टेकवून भांडं अधांतरी धरा आणि बोटाच्या पेराने मान, पोट, बूड असे तीन ठोके मारा. टणत्कार लांबला तर चीर नाही. ठोका 'बद' वाजून तिथंच मेला तर कुठेतरी चीर आहे. पण तेलाने भरलेली जुनी चीर कधी कधी आवाज फारसा बिघडवत नाही, म्हणून दुसरी परीक्षा: बाहेरून ओलं फडकं फिरवून लगेच कोरड्याने पुसा आणि दोन मिनिटं थांबा. खान्देशच्या हवेत पृष्ठभाग क्षणात वाळतो, चिरेत शिरलेलं पाणी मात्र काळी रेघ होऊन दिसतं.

या भागातल्या मालाचा खरा रोग मात्र मीठ. लोणच्याची बरणी पन्नास वर्षं मीठ-तेलात राहिलेली असते. झिलईत जाळीसारख्या बारीक भेगा असतील किंवा बुडाची झिलई पुसलेली असेल तर मीठ आतल्या मातीत शिरतं. माळ्यावर पावसाळ्यात ते विरघळतं, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला गेला की स्फटिक होतं. प्रत्येक फेऱ्यात ते फुगून झिलई आतून ढकलतं. बरणी घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत खांद्यावर पांढरा भुरा दिसू लागतो, मग नखाएवढ्या खपल्या उडतात. दुकानात तो भुरा पुसून ठेवलेला असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चपेक्षा मेअखेरीस खरेदी करावी, रोग वर आलेला दिसतो.

इलाज जमण्यासारखा आहे. घरच्या आरओचं पाणी आणि पाणी तपासायचा टीडीएस मीटर लागतो. प्लास्टिकच्या टबात बरणी पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा, समजा ४०. २४ तासांनी आकडा ५००-६०० वर गेलेला दिसेल. पाणी ओता, नवं भरा. रोज हेच. जेव्हा २४ तासांत आकडा २०-३० पेक्षा जास्त चढत नाही, तेव्हा थांबा. साध्या बरणीला आठवडा पुरतो, तेलकट जुन्या बरणीला तीन-चार आठवडेही लागतात, कारण तेल पाण्याला आत जाऊ देत नाही. अशा वेळी पहिल्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घाला, पुढच्या पाण्यात नको. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडच्या बोअरमध्ये क्षार भरपूर, तुम्ही काढताय तेच परत भराल. जुना वास गेला नाही तर ब्लीच अजिबात नको, त्याचेही क्षार मातीत राहतात. तीन टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या पट्ट्यांवर घेऊन डागावर ठेवा, वर प्लास्टिक, दिवसाआड बदला. वाळवायची सावलीत, कमीत कमी दहा दिवस. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी वाळतो आणि उरलेलं मीठ तिथंच धाव घेतं, केलेलं सगळं वाया.

पडझडीची वस्तू जोडायची तर झटपट चिकटणारा गोंद नको. तो ठिसूळ होतो, आणि चुकीचा जोड सोडवताना काठ उडतात. संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा गोंद ॲसिटोनमध्ये विरघळवून लावा, चुकलं तर ॲसिटोननेच सुटतो. मोठ्या जड बुधल्याची मूठ मात्र त्याने टिकत नाही, तिथे एपॉक्सी लागतं, आणि ते कालांतराने पिवळं पडतं हे मान्य करून लावायचं. जुन्या जोडाला पितळी टाचण्या मारलेल्या दिसल्या तर काढू नका. ती त्या काळची दुरुस्ती आहे, आणि काढल्यावर उरलेली भोकं कुणीच घेत नाही.

खायच्या वापराबद्दल स्पष्ट सांगतो. शिक्का ओळखीचा, आत जाळी नाही, पूर्वी लोणचंच होतं याची खात्री आहे, अशी बरणी मिठाचा इलाज करून वापरायला हरकत नाही. बाकी सर्व शोभेसाठी. शंका असेल तर प्रयोगशाळेत शिशाची तपासणी करून घ्या. तिची ठरलेली पद्धत अशी आहे की भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवायचं आणि त्यात उतरलेलं शिसं मोजायचं. बाजारातल्या रंग बदलणाऱ्या काड्यांवर विसंबू नये, कैरीचं आम्ल आणि मीठ वर्षभर काम करतं, काडी दोन मिनिटं.

कायद्याचं थोडक्यात. १९७२च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा विचार असेल तर शंभर वर्षांच्या आतलं निःसंशय उदाहरण निवडा, किंवा इथंच ठेवा.

बसने आणताना वस्तू मांडीवर घेऊन बसा, वर रॅकवर नको. पाठवायची असेल तर दोन खोकी. आतल्या खोक्यात वस्तू, पोटात आणि मुठीच्या मोकळ्या जागेत फरदडचा, म्हणजे हंगामानंतरच्या बहराचा, हलका कापूस घट्ट भरलेला, म्हणजे मुठीला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही. वर्तमानपत्र ओलं झालं की शाई झिलईत उतरते, म्हणून आधी साधा पांढरा कागद. बाहेरच्या आणि आतल्या खोक्यामध्ये चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडून तीही भरा. झाकण, बूच वेगळं गुंडाळून आत टाकू नका, स्वतंत्र डब्यात घाला. वाटेत बरणी फुटण्यापेक्षा झाकणानेच बरणी आतून फोडल्याचे प्रकार जास्त असतात.